खारे सर

रिटायर झालेल्या मास्तराला आमच्या मोर्शीत चार-दोन वाटा मोकळ्या असतात. एक तर शेगावची वारी धरायची, नाहीतर पेन्शनीतून दोन एकर संत्रा घेऊन बागवानाच्या नावानं बोटं मोडत बसायचं. राजकारणाचा किडा असेल तर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभं राहायचं आणि पडलं की मतदार यादीवर खापर फोडायचं. अभ्यासू असले तर रिद्धपूरला जाऊन महानुभावांच्या पोथ्यांत शिरतात. आता मराठीचं विद्यापीठच तिथं आल्यामुळे अशांना भलताच जोर चढला आहे. खारे सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी एक जीव धरला. तो डोळ्यांना दिसत नाही, मोर्शीत राहत नाही आणि मोर्शीच्या पाण्यात सोडला तर फुटून मरतो.

खारे हे त्यांचं आडनाव नव्हे. पोरांनी ठेवलेलं नाव, पण ते इतकं मुरलं की नवा पोस्टमन 'खारे कुठे राहतात' असं विचारतो आणि लोक बिनचूक घर दाखवतात. सर ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवत. अकरावीच्या पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाचा धडा असतो. त्यात आर्किबॅक्टेरियांना जेमतेम चार ओळी, आणि त्या चार ओळींत मिठात राहणाऱ्यांच्या वाट्याला एक शब्द: हॅलोफाइल. परीक्षेत आलाच तर एक मार्क. बाकीचे मास्तर त्या शब्दाखाली रेघ ओढायला सांगून पुढे जात. सर तिथंच मुक्काम टाकत. एका वर्षी तो मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला आणि पोरांना वनस्पतींच्या ऊती आणि झुरळाची पचनसंस्था अमरावतीच्या क्लासला जाऊन शिकावी लागली.

सरांचं म्हणणं साधं होतं. 1977 साली अमेरिकेत कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधला आरएनए ताडून दाखवलं, की ही मंडळी जीवाणू नव्हेतच. जीवाणू वेगळे, आपण झाडंझुडपं माणसं वेगळे, आणि हे तिसरं घराणं वेगळं. पुढे 1990 मध्ये त्या घराण्याचं आर्किया असं नावही ठरलं. "सजीव सृष्टीच्या तीन घराण्यांतल्या एका घराण्याले एक मार्क देता?" असं सर पेपर तपासणीच्या सेंटरवर भांडून आले, असं सांगतात. तिथल्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं, असंही सांगतात.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानासमोर सिमेंटचा बाक आहे. तो मी गिऱ्हाइकासाठी टाकला होता. सर रिटायर झाले आणि त्यावर येऊन बसले. सकाळी दहाला येतात, एक वाजता जेवायला उठतात. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, हातात काठी. काठी चालायला लागत नाही, दाखवायला लागते. ही जागा त्यांनी पूर्ण विचारान्ती निवडली असा माझा संशय आहे. कारण युरिया घ्यायचा तर शेतकऱ्याला पॉस मशीनवर अंगठा द्यावा लागतो. आधार जुळावं लागतं. सर्व्हर चालू असावा लागतो, आणि तो मृगाच्या तोंडावर, सगळ्यांना एकदमच युरिया हवा असतो तेव्हा, हटकून झोपतो. शिवाय जन्मभर मातीत गेलेला अंगठा मशीनला ओळखू येत नाही. अंगठा ठेव, पुस, परत ठेव, दुसरं बोट लाव, तिसरं लाव. एवढा वेळ तो माणूस जागचा हलू शकत नाही. नोकरीत असताना सरांना असा वर्ग कधीच मिळाला नव्हता.

"दादा, तुमी श्वास कायचा घेता?"

"हवेचा, सर."

"हवेतल्या कायचा?"

"आता... ऑक्सिजनचा म्हनतेत बावा."

"आन ऑक्सिजन संपला तं?"

"संपला तं राम नाम सत्य."

"ते तुमचं. त्याचं नाई."

इथं शेतकरी माझ्याकडे बघतो. मी मशीनकडे बघतो. मशीनवर गोल गोल फिरत असतं. आणि मग सर शिकवायची भाषा काढतात. वऱ्हाडी त्यांची रागाची आणि भाजीबाजाराची. विज्ञान सांगताना ते पुस्तकी बोलतात. समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ असलेलं पाणी घ्या, म्हणतात. मिठागरातलं, मीठ धरायच्या बेतात आलेलं. अशा पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्याच्या मानानं फारच थोडा विरघळतो, त्यात ऊन तापलं की आणखी कमी. त्या पाण्यात हे जीव कोट्यवधींनी राहतात, इतके की सगळं पाणी लालगुलाबी दिसतं. असलेला ऑक्सिजन ते बघता बघता संपवतात. तो संपल्यावर त्यांच्यातले काही नायट्रेटवर श्वास घेतात. आपण अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो. हे नायट्रेटच्या स्वाधीन करतात. श्वास म्हणजे मुळात इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात बांधणं, बाकी छाती फुगवणं हा आपला थाट.

"म्हन्जे ते युरिया खातेत?" एकानं विचारलं होतं.

"खात नाहीत. श्वासाला घेतात. आणि युरिया नाही, युरियाचं मातीत जे होतं ते."

"मंग आमचं पीक काय श्वासाले घेते?"

सर्व्हर आला. पावती निघाली. तो माणूस गोणी पाठीवर टाकून जवळजवळ पळत सुटला.

त्यांची ही लत मला सगळ्यात जवळून दिसली ती एका दुपारी. दुकानात कोणी नव्हतं. सर बाकावरून उठून आत आले आणि काठीनं पोटॅशच्या पोत्यावर टकटक केलं.

"हे काय हाय?"

"म्युरेट ऑफ पोटॅश, सर."

"म्हन्जे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या पेशीत हेच भरलेलं असते. बाहेर मीठ दाबते, मंग आत यानं दाब धरायचा. पुढं. ते काय?"

"अमोनियम मॉलिब्डेट. हरभऱ्याच्या बियाण्याले लावतेत."

"मॉलिब्डेनम!" सरांनी पुडी उचलून डोळ्यांजवळ धरली. पाच-पन्नास ग्रॅमची पुडी ती, वरच्या फळीवर धूळ खात पडलेली. "नायट्रेट रिडक्टेजच्या काळजात हाच एक अणू असतो, बे. एकच. नायट्रेट येऊन याच्यापाशीच बसते, आन तिथंच त्याचा एक ऑक्सिजन काढून घेतेत. नायट्रेटचं नायट्राइट होते. आन त्या अणूपावतर इलेक्ट्रॉन आनून देते कोन?"

"कोन, सर?"

"ते." काठी हिराकसच्या पाकिटाकडे वळली. "लोखंड आन गंधक. त्याचे झुबके असतेत एन्झाइममधी, एकामागं एक. इलेक्ट्रॉन त्याच्यावरून उड्या मारत येते. आन नायट्राइटच्या पुढं जायचं असलं तं लागते हे." आता काठी मोरचूदवर. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागू नये म्हणून चुन्यात कालवून बोर्डो लावतात, त्यासाठी गावातला प्रत्येक बागवाला मोरचूद नेतो. "तांबं. पुढच्या एन्झाइमले तांबं पाह्यजे. त्याचा सगळा श्वास तुझ्या दुकानात पडला हाय, पोट्ट्या, आन तू इथं बसून मोबाइल पाह्यतं!"

सांगायला हरकत नाही, त्या दिवसानंतर मॉलिब्डेटची पुडी मी खालच्या फळीवर आणली. खप वाढला नाही.

सरांचं आराध्यदैवत म्हणजे हॅलोफेरॅक्स मेडिटेरॅनी. स्पेनच्या किनाऱ्यावर अलिकान्तेजवळ सान्ता पोलाची मिठागरं आहेत, तिथलं हे कुळ. अलिकान्तेच्या विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्याचं नायट्रेट रिडक्टेज शुद्ध करून तपासलं. ते काम सोपं नव्हे. एन्झाइम म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनं वेगळी करायच्या नेहमीच्या पद्धती मिठाला घाबरतात. उलट या जीवांची प्रथिनं मीठ काढून घेतलं की उकलून निकामी होतात. त्यांच्या अंगावर आम्लधर्मी अमिनो आम्लांची दाटी असते. त्याच्या जोरावर ती एवढ्या मिठातही पाणी धरून ठेवतात. मीठ गेलं की तीच दाटी एकमेकांना ढकलते आणि घडी विस्कटते. सर हे सांगताना भावुक होतात. आमचं पीक खाऱ्या पाण्यानं जळतं, इकडे दर्यापूर-अंजनगावकडे पूर्णेच्या काठानं आख्खा खारपाणपट्टा पडला आहे, विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो. आणि एक जीव असा की गोडं पाणी लागलं की मरतो. या उलटेपणावर सरांचा फार जीव.

पण त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा वेगळाच आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायलाही नायट्रेट रिडक्टेज असतं. ते पेशीच्या पडद्याला चिकटून असतं आणि त्याचं काम करायचं टोक आत, पेशीकडे असतं. मीठवाल्यांचं एन्झाइम मात्र तोंड बाहेर करून बसतं. नायट्रेटला आत आणायची भानगडच नको. बाहेरच्या बाहेर काम उरकायचं. हे एन्झाइम पेशीत पूर्ण घडी होऊन तयार होतं, धातू वगैरे सगळं आत बसवून होतं, आणि मग पडद्यातून बाहेर पाठवलं जातं.

हा मुद्दा सरांनी घरी सांगायला नको होता. काकूंनी तो ऐकला, डाळीतला खडा काढावा तसा बाजूला काढून ठेवला आणि पुढच्या खेपेला मी संत्र्याचं रोपटं द्यायला गेलो तेव्हा वापरला. "तुमचे सर तेच हायेत. घरातून तयार होऊन, इस्त्री करून, सगळं जागच्या जागी बसवून निघतेत, आन काम करतेत बाहेर तोंड करून. घरातला नळ टपकून रायला चार महिन्यांपासून." तेव्हापासून आमच्या गल्लीत, घरी निरुपयोगी आणि गावाला उपयोगी अशा माणसाला 'बाहेर तोंडाचा' म्हणतात. असे पुष्कळ निघाले.

जून 2020 हा सरांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. लोणारचं सरोवर एकाएकी गुलाबी झालं. लोणार बुलढाण्यात, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात, उल्का पडून बेसॉल्टात झालेलं ते विवर, आणि त्यातलं पाणी खारट आणि सोड्यासारखं क्षारी. लॉकडाउन होतं, लोक घरात होते, मोबाइल हातात होता. कमळजादेवीचा कोप इथपासून शेवाळ इथपर्यंत सगळे अंदाज झाले. नागपूरच्या खंडपीठानं लक्ष घातलं, वनखात्यानं पाणी तपासायला पाठवलं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की हा रंग हॅलोआर्कियांचा. मीठ वाढलं, ऊन वाढलं, ते वाढले. तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ होतं, हेही सांगितलं. पेपरात 'हॅलोआर्किया' हा शब्द छापून आला त्या दिवशी सरांनी शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. दुकानं अर्धी बंद होती. पेढे कुठून आणले हे मी विचारलं नाही.

त्यांना लोणारला जायचं होतं. जिल्हा ओलांडायला ई-पास लागे. अर्जात कारण लिहायचं असे: मयत, दवाखाना, असलं काहीतरी. कोणीही शहाणा माणूस मयत लिहितो. सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'श्वसनासंबंधी तातडीचं काम.'

त्या दिवसांत श्वसन या शब्दाला काय किंमत होती ते सांगायला नको. संध्याकाळी पीपीई घातलेले दोघे आणि त्यांच्यामागे आमच्या वॉर्डातली आशाताई असे सरांच्या दारात उभे. गल्लीतली सगळी दारं आधी उघडली, मग लागली. आशाताईनं सरांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. सत्त्याण्णव.

"सर, तुमाले श्वासाचा त्रास कवापासून हाय?"

"मले नाई. त्यायले हाय."

"कोनाले? घरात अजून कोनी हाय?"

"लोणारच्या पान्यात हायेत. ऑक्सिजन कमी हाय तिथं."

आशाताईनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला. आणि मग, ही मी खिडकीतून पाहिलेली गोष्ट आहे, सरांनी तिला बसायला खुर्ची दिली, ऑक्सिमीटर हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली की हे यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती ऑक्सिजन लागला ते रंगावरून मोजतं. आणि नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाला पाजलं तर पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिनला बिघडवतं, मग तो ऑक्सिजन धरत नाही, बाळ निळं पडतं. पीपीईतले दोघे घामानं निथळत उभे. आशाताईनं मात्र वही काढली. तिच्या भागात बारा-पंधरा तान्ही बाळं होती आणि हातपंपाचं पाणी होतं. पास मिळाला नाही, पण एक माणूस सरांचं पूर्ण ऐकून गेला, तो हाच पहिला.

आता हे नायट्रेट आमच्या विहिरीत येतं कुठून, हे सरांनी सांगायला सुरुवात केली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मी त्याचा दुकानदार. युरियाची गोणी 45 किलोची. निम्म्याला जरासं कमी नायट्रोजन. मातीतले जीवाणू त्याचं अमोनिया करतात, पुढे नायट्रेट. अमोनियम काळ्या मातीला चिकटून राहतं. नायट्रेट चिकटत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. संत्र्याची बाग ताणावर सोडायची, मग ताण तोडताना खत आणि भरपूर पाणी द्यायचं, ही आमची पद्धत. त्या पाण्याबरोबर ते खाली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटचा जास्त त्रास असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, यवतमाळ यांच्या जोडीला अमरावतीचंही नाव आलं. "गोणीही पंचेचाळीसची आन मर्यादाही पंचेचाळीसची," सर गिऱ्हाइकाला सांगतात, "फक्त एक किलोत हाय, एक मिलिग्रॅमात. घोय करू नका." आणि उकळून पितो म्हणणाऱ्यावर तर ते तुटून पडतात. उकळून जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं.

तर मग सरांच्या डोक्यात जे यायचं ते आलं. विहिरीत नायट्रेट आहे. नायट्रेटवर श्वास घेणारा जीव आहे. हॅलोफेरॅक्स मेडिटेरॅनी तर नायट्रेटपासून निघून थेट नायट्रोजन वायूपर्यंत जातो, म्हणजे हवेचंच हवेत परत. मग अडतं कुठे?

सुरुवात म्हणून त्यांनी तो जीव घरी वाढवायचं ठरवलं. हे दिसतं तितकं वेडगळ नाही. समुद्राचं खडा मीठ उन्हात धरतं तेव्हा हे जीव मिठाच्या खड्यातल्या पाण्याच्या थेंबात कोंडले जातात आणि तिथं दीर्घकाळ जिवंत राहतात. गोव्यात रायबंदरच्या मिठागरातले असले जीव तिथल्या विद्यापीठात कित्येक वर्षं अभ्यासले जातात. सरांनी दोन किलो खडा मीठ आणलं. चिनी मातीची लोणच्याची बरणी मागितली. ती मिळाली नाही, काचेची मिळाली. आणखी विरघळणार नाही इतकं मीठ पाण्यात घातलं, चिमूटभर यीस्ट घातलं आणि बरणी स्लॅबवर ठेवली. मोर्शीचा मे महिना. स्लॅबवर कुरड्या, सांडगे, ज्वारीचे पापड आणि एका कोपऱ्यात आर्किया.

बरेच आठवडे काही झालं नाही. मग एक दिवस पाण्याला कळत-नकळत गुलाबी झाक आली. सरांनी गावाला बोलावून दाखवली. बघायला आलेल्या बागवानानं सरबत समजून हात पुढे केला, त्याला वेळीच अडवलं. त्यांच्या मते ते हॅलोआर्किया. ती नेमकी कोणती जात आणि नायट्रेट घेते की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं आणि ते सांगतही; पण सांगताना चेहरा बारशाच्या बापाचा होता.

मृगाच्या आधीच वीज कडाडली आणि अवकाळी पाऊस आला. काकू धावत वर गेल्या. दोन्ही हातांनी पापड, पदरात कुरड्या, डोक्यावर सांडग्याचं ताट. सर पानटपरीवर शिकवत होते. ते पोचेपर्यंत बरणी उघडी होती, वरपर्यंत भरून वाहून गेली होती आणि पाणी पांढरंफेक.

"बरनी काऊन उचलली नाई?"

"पापड पयले उचलू का तुमचं पानी?"

"फुटले असतीन सगळे. गोडं पानी लागलं की पेशी फुगते आन फुटते."

काकूंनी पापडांचा ढीग नीट केला. मग त्यांनी जे विचारलं ते मला अजून आठवतं, कारण सरांना निरुत्तर झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "अवकाळीच्या एका सरीनं मरते तं त्याले विहिरीत कायले सोडता? विहीर काय खारी हाय आपली?"

सर त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकावर आले ते नवीन विचार घेऊन: नायट्रेट गाळणाऱ्या काही यंत्रांतली राळ मिठाच्या पाण्यानं धुतात, त्या धुवणात मीठही भरपूर आणि नायट्रेटही भरपूर, तिथं या जीवांना कामाला लावायचं. जगात यावर खरोखर काम चालू आहे. मी विचारलं, आपल्याकडे पाण्याच्या कॅनवाल्यांची आरओची मशीन आहेत, त्यांचं टाकाऊ पाणी चालेल का? "नाई चालत," सर म्हणाले. "तितकं खारट नाई ते." आणि इतके उदास झाले की मी चहा मागवला.

सरांचं हे असंच. सुरुवात जोरात. पीएचडीला नाव घातलं होतं, गाइड बदलला, राहिलं. घरावर दुसरा मजला चढवायचा म्हणून सळया वर काढून ठेवल्या, त्यावर आता काकू दोरी बांधून कपडे वाळवतात. 'मिठातले श्वास' नावाचं हस्तलिखित आहे, त्याची प्रस्तावना तयार आहे. सर स्वतःच सांगतात, की सगळे मीठवाले शेवटपर्यंत जात नाहीत. काहींना पहिलंच एन्झाइम असतं. ते नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि थांबतात. काही मध्येच नायट्रस ऑक्साइडवर सोडून देतात, आणि तो वायू हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून वाईट. नायट्राइटही नायट्रेटपेक्षा विषारी. म्हणजे हात न लावलेलं काम बरं, अर्धं केलेलं वाईट. हे वाक्य गावानं उचललं. आमच्या वॉर्डातली नाली वर्षभर खोदून पडली आहे, नगरपरिषदेच्या सभेत एक बाई उठून म्हणाल्या, "नाली नायट्राइटवर हाय, साहेब." साहेबांना कळलं नाही. बाकी सभेला कळलं.

माझ्या दुकानातल्या पोऱ्यानं सरांचं वेळापत्रक हेरून ठेवलं होतं. एक वाजता सर जेवायला उठले की तो ठरलेल्या शेतकऱ्यांना मिस्ड कॉल द्यायचा, आणि एक ते तीन दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा सर चष्मा विसरले म्हणून सव्वाला परत आले. दारात पंधरा माणसं आणि बाक रिकामा. कोणी त्यावर बसायलाही तयार नव्हतं. सर काही बोलले नाहीत. चष्मा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते.

आठवडाभरानं त्या दुकानाचा मालक माझ्याकडे आला. आमचं एरवी बोलणं नसतं. "भाऊ, तुमचे सर घेऊन जा ना."

"मी कसे नेऊ? ते काय पोतं हायेत?"

"पोतं असतं तं म्याच उचलून आनून टाकलं असतं. काल एका म्हाताऱ्याले मंगळावर नेलं. तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं म्हने, 2008 साली, आन हे एन्झाइम तेही फोडते म्हने. म्हातारा इचारते, मंगळावर युरिया कोन्या भावानं भेटते?"

मी रस्ता ओलांडून गेलो. नमस्कार केला. म्हटलं, सर, बाक रिकामा पडला आहे, चला. सरांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुझ्याकडं युरिया रोजचा किती जाते?"

"हंगामात तीस-चाळीस गोण्या."

"याच्याकडं साठच्या वर. म्या मोजल्या." ते पायरीवर थोडे सरकून नीट बसले. "प्रयोग जिथं नायट्रेट जास्त, तिथंच लावतेत, बे."

मालक आशेनं माझ्याकडे पाहत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की एक वाजता उठतात, तोवर चहा दोनदा लागतो, बिनसाखरेचा.